बदकाची पेटी

अकादम्यांचे मालक तिला पाठीमागे टिकमार्कबाई म्हणत. तोंडावर अर्थातच 'मॅडम' म्हणत, खुर्ची पुसून देत, पंखा तिच्याकडे वळवत. टोपणनाव तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही येत नसे, कारण ते शंभर टक्के खरं होतं. शहरात मुलांना खेळ शिकवणाऱ्या खाजगी अकादम्या त्रेसष्ट, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला सरकारने नेमलेले डोळे दोन. दोन्ही तिचेच, त्यातही डाव्याचा नंबर जास्त.

सरकारचं लक्ष या धंद्याकडे जरा उशिरानेच गेलं. पोहणं, बॅडमिंटन, फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स, ज्याला शिट्टी फुंकता येते त्याने बोर्ड लावला होता, आणि ज्याला मूल होतं त्याने ते तिथे नेऊन सोडलं होतं. मग एके दिवशी वरून हुकूम आला की या सगळ्यांची तपासणी करा. तपासणी म्हटलं की फॉर्म हवा. नवा फॉर्म करायला समिती हवी, आणि समितीला चहापाण्यापासून तरतूद हवी. म्हणून वसतिगृहांच्या तपासणीचा जुना 'नमुना नऊ' कपाटातून काढला, वरचं 'वसतिगृह' खोडलं आणि 'क्रीडा अकादमी' असा शिक्का मारला. प्रश्न एकेचाळीस. त्यातला सतरावा, 'गाद्यांना ऊन दाखवले जाते काय?' हा पोहण्याच्या तलावावरही विचारावा लागे.

प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन होते, 'आहे' आणि 'नाही'. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिने बावीस क्रमांकाच्या प्रश्नापुढे, म्हणजे 'प्रथमोपचार पेटी'पुढे, प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'आहे, पण आतला कापूस भिजलेला आहे.' फॉर्म चार दिवसांत लाल शाई लेवून परत आला. 'नमुन्यात शेरे लिहिण्यास जागा नाही. फेरसादर करावा.' तिने फेरसादर केला. माणूस एकदम निर्ढावत नाही, असा फेरसादर होत होतच निर्ढावतो.

तपासणीची पद्धतही मोठी सभ्य होती. मालकांची गैरसोय होऊ नये म्हणून सात दिवस आधी लेखी कळवायचं. दिवस, वार, वेळ. पत्राची एक प्रत अकादम्यांच्या संघटनेला. अचानक तपासणी करायलाही नियमात मुभा होती, फक्त त्यासाठी उपसंचालकांकडे अर्ज करायचा आणि त्या अर्जाची प्रत संबंधित अकादमीला द्यायची. चोराला आधी पत्र पाठवून पोलीस येतात असं कुणी सांगितलं तर लोक हसतील. इथे कुणी हसत नसे, कारण हे पत्र तीच टाइप करायची आणि पोचपावती फाइलला लावायची.

पेटी तिला पहिल्यांदा दिसली ती एका बॅडमिंटन हॉलमध्ये. पांढऱ्या पत्र्याची, झाकणाचा डावा कोपरा चेपलेला, आणि कडीखाली एका पिवळ्या बदकाचं स्टिकर. आत सगळं जागच्या जागी होतं, पट्ट्या, कात्री, हात मोडला तर बांधायची फळी, गळ्यात घालायची झोळी. तिने 'आहे'वर खूण केली. पुढच्या आठवड्यात तलावावर तशीच पेटी दिसली. तसाच कोपरा, तसंच बदक. त्यापुढच्या आठवड्यात फुटबॉलच्या मैदानावर. चौथ्या वेळी ती बदकाला ओळखायला लागली आणि दहाव्या वेळी तिला वाटलं की बदकही आपल्याला ओळखतंय.

पेटीबरोबर एक गृहस्थही येत. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं प्रमाणपत्र. तेविसाव्या प्रश्नातली 'प्रशिक्षित व्यक्ती' ती हीच. सगळ्या अकादम्यांत हीच.

"पुन्हा भेट झाली, बरं वाटलं," ते दर वेळी म्हणत.

हे प्रकरण तिने उपसंचालकांच्या कानावर घातलं नव्हतं असं नाही. साहेब पेन खाली ठेवून शांतपणे ऐकत होते, आणि साहेब पेन खाली ठेवतात तेव्हा ते काहीही लिहिणार नाहीत हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

"पेटी असली पाहिजे असं नियमात आहे ना?"

"हो सर."

"आणि तुम्ही गेलात तेव्हा होती?"

"होती. पण एकच पेटी सगळीकडे फिरते, सर."

"पेटी वेगवेगळी असली पाहिजे, असं कुठे आहे का नियमात?"

नव्हतं. तिने घरी येऊन नियम दोनदा वाचले. त्या दिवसापासून तिने एक नवा उद्योग सुरू केला. जिथे बदक दिसेल तिथे फॉर्मच्या कार्बन प्रतीवर, समासात, पेन्सिलीने एक बारीकसं बदक काढायचं. शेरे लिहायला जागा नव्हती, बदकापुरती होती. यातून काय साधणार होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. थोडी गंमत होती, आणि थोडं स्वतःलाच दाखवणं की बघ, मी काही अगदीच आंधळी नाही.

नवऱ्याचं औषधाचं दुकान होतं. तो जेवताना म्हणे, "तुझ्या त्रेसष्ट अकादम्या, आणि माझ्या दुकानातून एक प्रथमोपचार पेटी जात नाही. धूळ खात पडल्यात. मुलं वज्राची बनवलेली दिसतात."

ती हसायची. त्यालाही हसू यायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण दोघांनाही पाठ होती, पण दळणारं कोण याचा हिशेब जेवताना कुणी करत नाही.

आणि गप्प राहण्याचं खरं कारण त्याच टेबलावर बसलेलं असे, पाय खुर्चीवर घेऊन. लेक बारा वर्षांची. पाच वर्षांची असल्यापासून जिम्नॅस्टिक्स. ही पोरगी घरात सरळ चालतच नसे. स्वयंपाकघरापर्यंत जायचं तर हातांवर. येत्या महिन्यात तिच्या निवडचाचण्या होत्या आणि तिच्या ताई, म्हणजे तिला शिकवणाऱ्या बाई, म्हणत होत्या की पोरीत दम आहे. अकादमी होती शिट्टीसरांची. सरांच्या गळ्यात चोवीस तास शिट्टी असे, ती शेवटची कधी वाजली हे कुणाला आठवत नव्हतं. सर हे त्रेसष्ट अकादम्यांच्या संघटनेचे चिटणीसही होते. तपासणीच्या पत्राची प्रत जायची ती त्यांच्याच टेबलावर.

आता आईने लेकीच्या अकादमीची तपासणी करणं म्हणजे पक्षपात, आणि सरकारला पक्षपात अजिबात चालत नाही. म्हणून ती एक अकादमी वजनमापे खात्यातल्या एका गृहस्थांकडे सोपवली होती. ते वर्षातून एकदा येत, मुलांचं वजन करायचा काटा बरोबर आहे असं प्रमाणित करत आणि उरलेल्या चाळीस प्रश्नांवर 'आहे' लिहून जात. तिने एकदाही त्यांचा फॉर्म पाहिला नाही. आपल्या लेकीच्या ठिकाणी सगळं ठीक असणार असं ती धरून चालली होती. त्रेसष्टातल्या बासष्ट ठिकाणी काय चालतं ते स्वतः बघणाऱ्या बाईने हे धरून चालावं, याला दिव्याखाली अंधार म्हणायचं की नुसता अंधार, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

त्या बुधवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका पोहण्याच्या अकादमीत होती. नेहमीप्रमाणे खुर्ची पुसली गेली, बिस्किटं आली. गाद्यांना ऊन दाखवण्याचा प्रश्न 'नाही'वर खूण होऊन पार पडला. बाविसाव्या प्रश्नाला बदक आलं. फॉर्मवर वेळ लिहायची रीत होती, आणि त्या सबंध फॉर्मवर खरी असे ती तेवढीच एक गोष्ट. तिने लिहिलं, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. प्रशिक्षित व्यक्ती समोर बसून बिस्किट चहात बुडवत होती.

चार पन्नासला नवऱ्याचा फोन आला. तो सरळ बोलू शकत नव्हता, म्हणून तिला कळलं.

लेक बारवरून हातावर पडली होती. कोपर निखळून मोडलं होतं. बांधायला काही नव्हतं, म्हणून ताईंनी घाबरून हात ओढणीत गुंडाळला, कुणीतरी तो सरळ करून पाहिला, आणि गाडीच्या मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये बसवून, प्रत्येक खड्ड्याला तो हात हलत हलत पोरीला दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टर तरुण होती आणि थकलेली होती.

"कोपर बसवलंय," ती म्हणाली. "पण इथून एक नस जाते, ती दुखावलीय. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहेत. फळी बांधून, हात न हलवता आणलं असतं तर बहुतेक हे झालं नसतं. अकादमीत पेटी नव्हती का?"

"असते," नवरा म्हणाला. "नियमच आहे तसा." असं म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं. या विषयातली घरातली जाणकार तीच होती.

लेक शुद्धीत आली ती संध्याकाळी. आईला पाहून तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माफी मागितली.

"सॉरी आई. आज पडायचं नव्हतं."

"पडायचं नव्हतं म्हणजे? पडायचं कधी असतं का?"

"तसं नाही गं. एरवी पडलं तर चालतं. आज सरांनी सांगितलं होतं, आज कुणी पडू नका, आज तपासणी आहे."

"तुमच्याकडे नव्हती तपासणी."

"आमच्याकडे नाही. तुझी होती ना, तिकडे. तपासणी असली की पेटी जाते. म्हणून त्या दिवशी सोपं तेवढंच करायचं असतं. पण चाचण्या आल्यात म्हणून मी मोठी उडी करून बघितली. चूक माझीच आहे."

"कुठली पेटी?"

"आपली. बदकाची. ते बदक मीच चिकटवलंय. पहिलीत होते, गुडघा फुटला होता, तेव्हा रडले नाही म्हणून ताईंनी स्टिकर दिलं होतं. तुला दाखवलं पण होतं मी तेव्हा. तू घाईत होतीस."

तिला लाज वाटली. अशी लाज की पोरीच्या उशाशी बसणंही आगाऊपणाचं वाटावं. सहा वर्षं ती ज्या पेटीवर खुणा करत होती ती तिच्या पोरीच्या हाताशी असायची पेटी होती, आणि ती तिथून उचलून न्यायचं वेळापत्रक ती स्वतः टाइप करत होती, दिवस, वार आणि वेळेसकट. आणि पोरांनी त्या वेळापत्रकाप्रमाणे पडणंसुद्धा बेताचं करून घेतलं होतं. ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि रडली. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं असेल, हातासाठी रडतेय.

चौथ्या दिवशी अकादमीचा अहवाल खात्यात दाखल झाला. इतका सुरेख अहवाल तिने उभ्या नोकरीत वाचला नव्हता. 'घटनेच्या वेळी, म्हणजे चार वाजून पाच मिनिटांनी, प्रथमोपचार पेटी जागेवर होती. प्रशिक्षित व्यक्तीने तत्काळ उपचार केले. सदर मुलीने सूचनांचे पालन न करता अवघड प्रकार केल्याने दुखापत झाली. शिस्तभंगाबद्दल तिचे नाव पटावरून कमी करण्यात येत आहे.' सोबत वजनमापेवाल्यांच्या फॉर्मची प्रत, चाळीस 'आहे' आणि एक बरोबर काटा.

लेकीने तो अहवाल वाचला. बापाच्या हातून घेऊन, डाव्या हाताने पान धरून. "बरोबरच लिहिलंय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. हात बरा होईल न होईल, तो डॉक्टरांचा आणि नशिबाचा प्रश्न. पण ही पोरगी आपल्या मोडलेल्या हाताचा गुन्हा आपल्याच माथ्यावर घेऊन मोठी होणार होती, आणि तेही सरकारी कागदाच्या आधाराने. आईला ते काही केल्या चालणार नव्हतं.

शिट्टीसर फळं घेऊन घरी आले. चोराच्या उलट्या बोंबा असतात असं म्हणतात, सरांचा आवाज मात्र मधासारखा होता.

"मॅडम, मला पोरीचं फार वाईट वाटतं. पण पेटी नव्हती हे सिद्ध कसं करणार? ती दुसरीकडे होती असं म्हणायचं, तर तिकडे सही तुमची. आणि एकच सही कुठेय, सहा वर्षांच्या सह्या आहेत. आपण सगळे एकाच माळेचे मणी." त्यांनी सवयीने शिट्टी चाचपली. "पोरीला वर्षभराने परत घेऊ, गुपचूप. मी शब्द देतो."

ते गेल्यावर बराच वेळ फळं तशीच टेबलावर होती.

"नोकरी जाईल," ती म्हणाली.

"जाईल," नवरा म्हणाला. "मी पण कुठे काय बोललो? सहा वर्षं एक पेटी विकली गेली नाही आणि मी त्यावर विनोद करत बसलो." मग त्याने फळांची पिशवी उचलून खाली वॉचमनला नेऊन दिली.

चौकशी समिती तीन जणांची होती. अध्यक्ष उपसंचालक, सचिव वजनमापेवाले गृहस्थ, आणि खेळातले तज्ज्ञ सदस्य म्हणून अकादम्यांच्या संघटनेचे चिटणीस, म्हणजे शिट्टीसर. आरोपीच पंच होऊन बसल्यावर निकाल लवकर लागतो हे खरं. तिने दोन हातांनी उचलून गठ्ठा टेबलावर ठेवला. सहा वर्षांच्या कार्बन प्रती.

"बुधवारी चार दहाला ती पेटी माझ्यासमोर होती," ती म्हणाली. "ही त्याची नोंद. समासातलं बदक बघा. आणि ही आधीची बदकं. सगळी मिळून तीनशे बारा. सरांच्या अहवालात तीच पेटी चार पाचला त्यांच्या अकादमीत आहे. दोन जागांच्या मध्ये अख्खं शहर आहे."

उपसंचालकांनी बदकं उलटूनपालटून पाहिली. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"शासकीय कागदावर चित्रं काढणं हे गैरवर्तन आहे, बाई."

"आहे, सर. तेही लिहा. मला दिसत होतं आणि तरी मी खूण करत होते, हेही लिहा. माझी सहीच खोटी असं ठरवायचं असेल तर तसं ठरवा, मग माझ्या तीनशे बारा तपासण्या रद्द होतील आणि त्यांवर तुमची प्रतिस्वाक्षरी आहे. दोन्ही कागद खरे ठेवायचे असतील तर मात्र पाच मिनिटांत पेटी शहरावरून उडत गेली असं लिहावं लागेल."

"बदक आहे, उडू शकतं," वजनमापेवाले चुकून बोलून गेले आणि मग काट्यासारखे स्थिर झाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. यावेळी मात्र त्यांना ते परत उचलावं लागलं.

निकाल पंधरा दिवसांत आला. वेळेच्या नोंदीत 'किरकोळ तफावत' आढळल्याने अकादमीला समज देण्यात आली. मुलीने सूचनांचे पालन केले नाही हे वाक्य आणि पटावरून कमी केल्याचा आदेश, दोन्ही वगळण्यात आले. खोट्या नोंदी व शासकीय नमुन्याचे विद्रूपीकरण यासाठी तपासनीस निलंबित. शिवाय सरकार हातावर हात धरून बसलं नाही. नमुना नऊमध्ये बेचाळिसावा प्रश्न घालण्यात आला, 'पेटी अकादमीच्या स्वतःच्या मालकीची आहे काय?' संघटनेने आठवड्याच्या आत त्या एका पेटीची त्रेसष्ट मालकीपत्रं करून घेतली. आता पेटीबरोबर तीही फिरतात, असं ऐकतो.

वगळल्याचा कागद तिने लेकीसमोर ठेवला. लेकीने तो दोनदा वाचला.

"मग चूक कुणाची होती?"

"माझी," आई म्हणाली. "आणि अजून चारपाच जणांची. तुझी नव्हती."

लेकीने तो कागद घडी घालून दप्तरात ठेवला. नंतर दोन दिवस ती आईशी बोलली नाही, आणि आईला ते रास्त वाटलं.

चाचण्या अर्थातच हुकल्या. शेजारच्या बोटात सहा महिन्यांनी जीव आला, करंगळी अजून अर्धी झोपेत असते. कोपर पूर्ण सरळ होत नाही, थोडं वाकलेलं राहतं. त्या हाताने मोठ्या स्पर्धा होत नसतात, हे पोरीला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. तरी आठव्या महिन्यात ती सकाळी हातांवर चालत स्वयंपाकघरात आली, एका बाजूला कलंडत, आणि उलट्या तोंडाने म्हणाली की मला परत जायचंय.

ताईंनी शिट्टीसरांची अकादमी सोडली होती आणि एका शाळेच्या मागच्या शेडमध्ये आठ मुलींना शिकवायला सुरुवात केली होती. तिथे बोर्ड नव्हता, त्यामुळे तपासणीही नव्हती. टिकमार्कबाई, म्हणजे आता नुसत्याच बाई, पहिल्या दिवशी लेकीबरोबर गेल्या आणि भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. मांडीवर नवऱ्याच्या दुकानातली पेटी होती, धूळ पुसलेली. झाकण उघडून त्यांनी फळी, पट्ट्या, झोळी असं एकेक हात लावून पाहिलं. खूण कशावरच करायची नव्हती.

लेक बारखाली उभी राहिली. हातांना पावडर लावली, वर पाहिलं, आणि तिथेच थांबली. मग वळून बाकाकडे आली. चेहरा पार पांढरा पडला होता.

"आई, आज कुठे तपासणी नाही ना?"

"नाही."

तिने पेटीकडे पाहिलं. मग आईकडे.

"मग आज पडले तरी चालेल," ती म्हणाली, आणि बारकडे गेली.